चमच्यातला च

दसऱ्याच्या सकाळी पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढली, हळदकुंकू वाहिलं आणि नातीला जाहीर करून टाकलं, की आजपासून आबा तुला मराठी वाचायला शिकवणार. तिला नुकतंच पाचवं संपून सहावं लागलं होतं. शाळा इंग्रजी, पण घरात बोलणं मराठी. म्हणजे निम्मं काम झालेलंच आहे, असा माझा हिशेब. त्या भरात मी इंग्रजीची यथेच्छ टिंगलही केली. "बी-यू-टी बट, आणि पी-यू-टी मात्र पुट! आपल्यात असली भानगड नाही. आपण जसं बोलतो तसं लिहितो." हे वाक्य बोलायला नको होतं.

पहिलाच शब्द कमळ. काना नाही, मात्रा नाही, अगदी सोज्वळ शब्द. तिने एकेक अक्षरावर बोट ठेवून पूर्ण वाचला, "कमळअ."

"शेवटचा अ म्हणायचा नाही."

"लिहिलाय ना पण?"

"लिहिलाय, पण म्हणायचा नाही."

पुढे करवत आली. तिने शेवटचा अ इमानाने गिळला आणि 'करवत्' असं म्हटलं. मी सांगितलं, की इथे र-मधलाही अ खायचा, 'कर्वत' म्हणायचं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तो खाल्लाय.

मग वेलांट्या निघाल्या. 'दिवा' हा शब्द तिने 'इदवा' वाचला. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येऊन उभी राहते आणि तिचा उच्चार मात्र अक्षर होऊन गेल्यावर करायचा, हे साठ-बासष्ट वर्षं वाचत असून माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. "ती आधी आलीय, तर तिचा नंबर आधी का नाही?" असं पोरीने विचारलं. रेशनच्या रांगेत आयुष्य गेलेल्या माणसाजवळ याला उत्तर नव्हतं.

पण माझी खरी दांडी उडवली ती च-ने. अंकलिपीतला च चमच्याचा. तो दातांवर जीभ टेकवून म्हणायचा, हे तिने बिनबोभाट मान्य केलं. तेवढ्यात सुनेने चहा आणून ठेवला. च चहाचा! हा च टाळूवरचा. नात पाटी घेऊन बसली आणि तिने मला 'चहाचा' हा शब्द लिहायला लावला. एका शब्दात दोन च, दोघांची तोंडं हुबेहूब सारखी आणि आवाज वेगळे. "कुठला च कुठे म्हणायचा, हे कसं कळतं आबा?" मी म्हटलं, शब्द माहीत असला की कळतं. "मग वाचायचं कशाला?" ज आणि झ यांचंही असंच आहे, ही बातमी मी पुढचे दोन महिने तिच्यापासून लपवून ठेवली.

र-ची सोंगं सांगत बसत नाही. सूर्यात डोक्यावर, चक्रात पायाशी, राष्ट्रात पायाशीच पण दोन तंगड्या पसरून. ल-चा घोटाळा मात्र सांगायलाच हवा. पुस्तकातला पाकळीचा ल तिला येतो, तर माझ्या फोनवर हिंदी वळणाचा दांडीवाला ल उमटतो. 2009 साली राज्य शासनाने रीतसर निर्णय काढून पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीसाठी ठरवून दिले. माझ्या फोनला तो निर्णय अजून पोचलेला नाही.

अंकलिपी कंटाळवाणी झाली तेव्हा मला ताराबाई मोडक आठवल्या. 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी मुलांना शिंपले, बिया, खडे, पानं असं भोवतालचंच सामान हाताळायला देऊन शिकवलं. आमच्या पाचव्या मजल्याच्या भोवताली शिंपले कुठले! होत्या त्या दुधाच्या पिशव्या, औषधांची खोकी आणि सोसायटीच्या पाट्या. म्हटलं, चला, हेच आपलं कोसबाड. रोज संध्याकाळी आम्ही खाली उतरून पाट्या वाचू लागलो. लिफ्टमध्ये थुंकू नये. येथे वाहने लावू नयेत. फुले तोडू नयेत. हिरवळीवर चालू नये. महिन्याभरात पोरगी न अडखळता पुरा शब्द वाचू लागली. तो शब्द 'नये'. दिसली पाटी, की शेवटाकडे आधी नजर टाकायची आणि "नये आहे!" म्हणून पुढे निघायचं. नागरिकशास्त्राचा एवढा आटोपशीर अभ्यास मी पाहिलेला नाही.

वर्ष गेलं. वाचन कधी आलं ते खरं सांगायचं तर मला कळलंच नाही. मी शिकवत होतो त्या दिवसांत आलं नाही, एवढं नक्की.

या दिवाळीला सुनेने मोठ्या डब्यावर चिठ्ठी चिकटवली, 'चकल्या पाहुण्यांसाठी'. दोन दिवसांत डबा अर्धा. चौकशी बसली. नातीने चिठ्ठीवर बोट ठेवून, चमच्यातला च नेमका लावून, 'चकल्या' वाचून दाखवलं आणि पुढच्या शब्दावर बोट थांबवलं.

"हे नाही येत. जोडाक्षर आहे."

सून माझ्याकडे वळली. "बाबा, वर्षभर शिकवताय ना तुम्ही? जोडाक्षरं अजून कशी राहिली?"

मी राहिलीत म्हणून कबूल केलं. 'चकल्या'मध्येही जोडाक्षर आहे, हे तिला सांगितलं नाही. डब्यातल्या सहा मी खाल्ल्या होत्या.