बर्बनरावांचं एकच मत

अमेरिकेतल्या मध्यमवयीन, मध्यमवर्गीय पुरुषांमध्ये गेल्या वीसेक वर्षांत एक नवी जात उदयाला आली आहे. राहायला ओहायो किंवा टेनेसी, घराला तळघर, तळघरात फळ्या, फळ्यांवर बाटल्या आणि बाटल्यांना खेटून सिनेमांच्या डिस्क. सोयीसाठी या गृहस्थांना आपण बर्बनराव म्हणू. बर्बन व्हिस्की, सिनेमा आणि पॉडकास्ट या तिन्ही विषयांवर त्यांना मतं आहेत आणि ती ते जाता जाता, सहज म्हणून देतात. ‘मला यातलं फारसं कळत नाही, पण...’ अशी सुरुवात झाली की ऐकणाऱ्यानं खुर्ची ओढून घ्यावी. पेल्यात दोन बोटं व्हिस्की पडेपर्यंत मका किमान ५१ टक्के हवा, ओकचं पिंप कोरं आणि आतून जाळलेलं हवं, पिंपात भरताना मद्यार्क ६२.५ टक्क्यांच्या वर नको, एवढं सांगून झालेलं असतं. बर्बन फक्त केंटकीतच होते हा तुमचा गैरसमजही दूर झालेला असतो. तो तुमचा होता की नव्हता, हे विचारायची पद्धत नाही. मग ते पहिला घोट तोंडात घोळवून चक्क चावतात. बूकर नो या बुजुर्ग मद्यकारानं रूढ केलेली ही रीत, ‘केंटकी च्यू’. आणि शेवटी सांगतात की नव्या बाटलीतला पहिला पेग कधी खरा नसतो, तिला महिनाभर हवा लागावी लागते. म्हणजे तुम्ही एवढा वेळ जी प्यायलात, ती ती नव्हेच.

मतं अशी पुष्कळ, पण नीट कान दिला तर सगळी मिळून एकच निघतं: वस्तू फार चांगली होती, लोकांना कळली आणि वाया गेली. वेलरचं उदाहरण घ्या. पॅपी व्हॅन विंकल ही बर्बनमधली सर्वांत दुर्मीळ मानली जाणारी मंडळी, आणि वेलर ही साधी बाटली, या दोघी फ्रँकफर्टच्या बफलो ट्रेस भट्टीतल्याच. दोघींत नेहमीच्या राय या धान्याऐवजी गहू. पॅपी पिंपात पंधरा, वीस, तेवीस वर्षं काढते, वेलर त्याहून कमी, एवढाच मुख्य फरक. ही ‘गरिबांची पॅपी’ आहे, ही गोष्ट बर्बनरावांनी इतक्या हळू आवाजात सांगितली की ती देशभर ऐकू गेली. वेलर फळीवरून नाहीशी झाली आणि छापील किंमत नुसती छापण्यापुरती उरली. सिनेमाचंही तेच. ‘ब्लेड रनर’ १९८२ मध्ये तिकीटबारीवर आपटला, तेव्हापासून तो बर्बनरावांचा. पुढे १९९२ची आवृत्ती आली, २००७ची आली, त्या वर्षीच्या संचात तर एकूण पाच आवृत्त्या होत्या. पाचही त्यांच्याकडे आहेत. त्यांतली चांगली कोणती, हे तुम्ही कोणती पाहिली आहे यावर ठरतं. ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ १९९४ मध्ये थिएटरात चालला नाही, सात ऑस्कर नामांकनांतून एकही बाहुली घरी आली नाही. तोवर तो थोर होता. आयएमडीबीच्या यादीत प्रेक्षकांनी त्याला वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकावर बसवून ठेवल्यापासून मात्र ‘बरा आहे, जरा भाबडा आहे’. पॉडकास्टबद्दल फार बोलायला नको. दोन माणसं आणि एक खरखरता माइक होता तोवर ती कला होती. गाद्यांची जाहिरात आली आणि संपली.

आता प्रश्न असा की लोकांना कळवलं कोणी? वेलरच्या मालकांनी काही वेशीवर दवंडी पिटली नव्हती. ज्या गर्दीनं वस्तू वाया घालवली असं बर्बनराव म्हणतात, ती गर्दी बर्बनरावांचीच बनलेली आहे. ‘सवाईत आता पूर्वीची मजा राहिली नाही’ असं सवाईच्या तिकिटाच्या रांगेत उभं राहून दरवर्षी सांगणारे पुणेकर आपल्याला ठाऊक आहेत, तोच वंश. हावरटासारखं बाटल्यांमागे धावणाऱ्या नवख्याला बर्बनरावांच्या वर्तुळात ‘टेटर’, म्हणजे बटाटा, म्हणतात. गंमत अशी की मी टेटर आहे असं म्हणणारा भेटत नाही. टेटर नेहमी रांगेत आपल्या पुढे उभा असतो. ब्लँटन्स या बर्बनच्या बुचावर घोडा आणि स्वार असतो, शिवाय एक अक्षर. आठ वेगवेगळी बुचं जमली की नाव पुरं होतं. ती जमवण्यासाठी एकच व्हिस्की आठ-दहा वेळा विकत घेणारा माणूस बाजार तेजीत का आला याचं आश्चर्य करतो, तेव्हा त्याच्या निरागसतेला दाद द्यावी लागते.

आणि ते पूर्वीचं सोन्याचं युग? सत्तरच्या दशकात अमेरिकेत व्होडकानं व्हिस्कीला मागे टाकलं. बर्बन म्हणजे आजोबांचं पेय झालं, गोदामं भरलेली आणि गिऱ्हाईक नाही. फोर रोझेसची खरी बर्बन तर कित्येक वर्षं युरोपात आणि जपानात जायची. मायदेशी त्याच नावाखाली मिसळीचा हलका माल विकला जाई. किरिन या जपानी कंपनीनं २००२ मध्ये भट्टी घेतली, त्यानंतर ती बर्बन घरी परतली. बर्बनराव आज आडगावच्या दुकानांत ज्या धुळकट जुन्या बाटल्या धुंडाळतात, त्या तिथे का आहेत? तेव्हा कोणी घेतल्या नाहीत म्हणून. सोन्याच्या युगातलं सोनं पडून राहिलं होतं, आणि ते ज्यांनी पडू दिलं त्यांत बर्बनरावांचे तीर्थरूपही असणार.

यावर कोणी म्हणेल, बर्बनरावांची तक्रार अगदीच पोकळ नाही. खरंच नाही. मेकर्स मार्क या बर्बनच्या कंपनीनं २०१३ मध्ये मागणी पुरवता येत नाही म्हणून मद्यार्क ४५ वरून ४२ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. गिऱ्हाइकांनी असा गिल्ला केला की आठवडाभरात कंपनीनं निर्णय फिरवला. एलिजा क्रेगच्या बाटलीवरचं ‘१२ वर्षं’ २०१६ मध्ये गेलं. ‘वेस्टवर्ल्ड’ ही मालिका एचबीओनं स्वतःच बनवलेली असूनही २०२२च्या अखेरीस एचबीओ मॅक्स या आपल्याच मंचावरून काढून टाकली, तेव्हा डिस्क जपणारे बर्बनराव शहाणे ठरले. पण या साऱ्या तक्रारी विकणाऱ्याविरुद्ध आहेत: आकडा बाटलीवर असतो, तपासता येतो आणि आरडाओरडा केला तर कधीकधी बदलतोही. ‘लोकांना कळलं’ ही तक्रार दुसऱ्या पिणाऱ्याविरुद्ध आहे, आणि ती मिटायची तर त्यानं न पिणं एवढाच उपाय उरतो. बर्बनराव दोन्ही तक्रारी एकाच दमात करतात, म्हणून पहिलीचं वजन दुसरीलाही मिळतं. दुसरा आक्षेप असा, की या मंडळींच्या बडबडीनंच हा बुडता धंदा वर आला. बडबडीचा वाटा मोठा आहे, कबूल. मात्र मग त्यांनी श्रेय घ्यावं आणि गर्दीला नावं ठेवणं सोडावं. दोन्ही हातांत लाडू कसे चालतील?

तूर्तास काळ मोठा कठीण आला आहे. केंटकीच्या गोदामांत आज एक कोटीहून कितीतरी अधिक पिंपं मुरत पडली आहेत, म्हणजे राज्यातल्या प्रत्येक माणसामागे, तान्ह्या मुलासकट, दोनाहून जास्त. मागणी मंदावली आहे आणि जी बाटली पाहायला मिळत नव्हती ती दुकानात उभी दिसू लागली आहे. बर्बनरावांना याचा आनंद व्हायला हवा होता. पण त्यांनी पर्यायी व्यवस्था आधीच करून ठेवली आहे: फ्रान्सच्या गॅस्कनी भागातली आर्मान्याक, द्राक्षांची, छोट्या छोट्या शेतकऱ्यांनी काढलेली. ती अजून कोणालाच माहीत नाही, असं ते गेली काही वर्षं भेटेल त्याला सांगत आहेत.