बदली न आलेले शिपाई
इंदूरच्या कृष्णपुऱ्यात, कान्ह नदीकाठी होळकरांच्या छत्र्या आहेत: महाराणी कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव (गेले १८८६ साली) आणि शिवाजीराव. भिंतीवर कोरलेले शिपाई छत्र्या बांधल्यापासून उभे. रजा नाही, चहा नाही, पगारवाढीचं तर नावच नको. गार्ड पुरवणाऱ्या ठेकेदाराला स्वप्नात असाच माणूस दिसत असणार!

हाडामांसाच्या गार्डला मात्र खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५च्या कायद्याखालच्या नियमांनी १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानात प्रशिक्षण सांगितलंय. एवढं शिकून काम काय, तर वहीत गाडीचा नंबर लिहायचा नि साहेबांना सलाम ठोकायचा. दगडी शिपाई त्यातून सुटले. त्यांचे साहेब गेले, संस्थानही गेलं; फक्त यांचा बदलीवाला अजून आलेला नाही.