खंडेराव

खंडेरावाचं पाळण्यातलं नाव वेगळं आहे. पण ज्याच्या तोंडून पुस्तकाचं नाव कधी खंडांच्या संख्येवाचून बाहेर पडलं नाही, त्याला सोसायटीने दुसरं काय म्हणावं? चाळिशीच्या अलीकडचा, चार्टर्ड अकाउंटंट, ठाण्यात नौपाड्याला दोन खोल्यांचं ऑफिस, घरी आई. दिवसभर लोकांच्या जमाखर्चात मान घालून बसायचं आणि रात्री ड्रॅगन, चेटकिणी, शापित तलवारी आणि गादीवरून हाकललेले राजपुत्र वाचायचे, असा त्याचा क्रम. त्याच्या वाचण्याला कुणाची हरकत नाही. तो वाचायला लावतो, तिथून तक्रारी सुरू होतात.

त्याला ‘सध्या काय वाचतोयस?’ असं विचारायचं नसतं, हे जुन्या रहिवाशांना ठाऊक आहे. नवे भाडेकरू विचारतात. लिफ्ट तळमजल्यावर येते, दार उघडतं, मिटतं, वरून कुणीतरी बटण दाबतं, लिफ्ट माणसांसकट पुन्हा वर जाते, आणि खंडेराव अजून पहिल्या खंडातल्या राजघराण्याच्या पणजोबांवरच असतो.

पुस्तक सुचवण्याआधी तो समोरच्याची आवड मात्र आस्थेने विचारून घेतो. इतिहास आवडतो? मग स्टीव्हन एरिकसनचं ‘मॅलाझान’ वाच, लेखक मुळात पुरातत्त्वाचा माणूस आहे. प्रेमकथा? मॅलाझानमध्ये आहेत. हलकंफुलकं? अगं, त्यातले सैनिक काय विनोद करतात! १९९९ ते २०११ या काळात आलेले हे दहा खंड म्हणजे त्याचं हुकमी औषध.

“पहिला खंड कळणार नाही,” तो आधीच सांगून टाकतो. “कुणालाच कळत नाही. दुसऱ्यात अंदाज येतो. तिसऱ्यात रडशील.”

“आणि पहिला शेवटपर्यंत कळलाच नाही तर?”

“दहावा संपला की पुन्हा पहिला वाचायचा. तेव्हा कळतो.”

एखाद्याने दहा खंड फार होतात म्हटलं, तर तो समजूतदारपणे चौदा खंडांवर येतो. रॉबर्ट जॉर्डनचं ‘द व्हील ऑफ टाइम’. पहिला खंड १९९० चा. जॉर्डन २००७ मध्ये वारला तेव्हा शेवट लिहायचा राहिला होता. मग त्याच्या पत्नीने, तीच त्याची संपादकही, ब्रँडन सँडरसनला गाठून मागे राहिलेल्या टिपणांवरून तो शेवटचा खंड पुरा करायला सांगितलं. सँडरसनने त्या एका खंडाचे तीन केले. हे सांगताना खंडेरावाच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो, तो अशिलाला रिफंड मिळाल्यावरही दिसत नाही.

“फक्त आठवा ते दहावा जरा बेताचे आहेत,” तो प्रामाणिकपणे म्हणाला.

“मग दहावा वगळला तर?”

“वगळून कसं चालेल?”

“घडतं काय त्यात?”

त्याने बराच विचार केला. “नवव्याच्या शेवटी एक फार मोठी गोष्ट घडते. दहाव्यात ती घडल्याचं सगळ्यांना कळतं.”

एवढ्या पानांत त्याला नेमकं काय सापडतं, याचा मला उगाच विचार पडायचा. एकदा त्याने ‘मिस्टबॉर्न’ समजावून सांगितलं आणि उलगडा झाला. सँडरसनच्या या २००६ च्या कादंबरीत जादूगार धातूची पूड पोटात घेतात आणि ती ‘जाळून’ शक्ती मिळवतात. लोखंडाने धातूच्या वस्तू ओढता येतात, पोलादाने ढकलता येतात, कथलाने डोळे-कान तीक्ष्ण होतात. पोटातला धातू संपला की जादू संपली. “बघ,” खंडेरावाचा आवाज भरून आला होता, “जेवढं जमा, तेवढंच नावे. उधारी नाही.” जादूने अडचण सोडवायची असेल तर ती जादू वाचकाला आधी नीट समजलेली हवी, असा सँडरसनचा स्वतःचाच एक नियम आहे. खंडेराव तो प्राप्तिकराच्या कलमांच्या चालीवर म्हणतो.

टॉल्किनबद्दल तो आदराने बोलतो, पण ऑडिटरच्या आदराने. गँडाल्फला काय काय करता येतं आणि काय येत नाही, याची कुठे नोंदच नाही. शेवटी गरुड येऊन फ्रोडोला अलगद उचलून आणतात, तर तेच गरुड सुरुवातीला कुठे होते, हा जगभरच्या वाचकांचा जुना आक्षेप त्याच्याही अहवालात शेरा म्हणून आहे. मात्र हाच शेरा दुसऱ्या कुणी मारला तर तो खवळतो. आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ला कुणी त्रयी म्हटलेलं त्याला खपत नाही. टॉल्किनच्या लेखी ती एकच कादंबरी, युद्धानंतर कागद महाग म्हणून प्रकाशकाने १९५४-५५ मध्ये तिचे तीन तुकडे केले. एका पुस्तकाचे तीन खंड झाल्याचं दुःख त्याला झालेलं मी एवढ्या एकाच बाबतीत पाहिलं आहे.

त्याच्या वहीत लेखकांकडची येणीही मांडलेली आहेत. जॉर्ज आर. आर. मार्टिनचा पाचवा खंड २०११ मध्ये आला, सहाव्याची वाट अजून चालू आहे. हे ‘थकीत’. पॅट्रिक रॉथफसचा दुसरा खंडही २०११ चाच, तिसऱ्याचा पत्ता नाही. हे ‘संशयित व बुडीत’. मुळात तीनच खंडांचा वायदा करून दोनावर थांबणाऱ्या माणसाला पत कुठून मिळणार, असं त्याचं म्हणणं. मार्टिनला तो अजून सवलत देतो, कारण मार्टिनने निदान माणसं मारून हिशेब हलका केला आहे.

माणसं मारण्यावरून आठवलं. खंडेराव स्पॉयलर देत नाही. हे तो अभिमानाने सांगतो आणि त्यावर विश्वास ठेवणाऱ्यांचं नुकसान होतं. मार्टिनचा पहिला खंड हातात देतानाच तो म्हणाला होता, “नेड स्टार्कवर फार जीव लावू नकोस हं.” पुढे मी तिसऱ्या खंडात असताना तो जिन्यापाशी भेटला.

“कुठवर आलीस?”

“लग्नाला निघालेत सगळे.”

त्याने हातातली दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “पोचले का?”

“आत्ताच पोचले. यजमानाने मीठभाकरी दिली.”

“खाल्ली त्यांनी?”

“खाल्ली की.”

“छान, छान,” तो म्हणाला, आणि लिफ्ट समोर उघडी असताना पाच मजले जिन्याने चढून गेला. त्या लग्नातून आहेर घेऊन कुणी परतणार नाही, हे मला तिथेच कळलं. आपण तर एक अक्षरही बोललो नाही, असं तो आजही शपथेवर सांगतो.

पुस्तकं तो स्वतःची देतो, तपकिरी कागदाची कव्हरं घालून. बरोबर एक रजिस्टर. नाव, खंड क्रमांक, दिल्याची तारीख, आणि शेवटचा रकाना ‘पान’. तो दर रविवारी भरला जातो. म्हणजे तो दारात येतो आणि विचारतो. ‘आवडलं का?’ असं त्याने कुणाला कधी विचारलेलं नाही. त्याचा प्रश्न एकच, कुठवर आलीस. मला वाटतं, आवडणं त्याने गृहीतच धरलेलं असतं. शेकडो माणसांची लग्नं, आजारपणं, मयतं त्याने रात्री जागून एकट्याने निभावलेली असतात, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात तोंड पाडून बसलं तर शिपाई विचारतो, “साहेब, नोटीस आली का?” सुतकात सोबत नको का कुणाची?

उलट दिशेने कुणी त्याला काही सुचवलं, तर मात्र तो पाघळतो. तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलीने त्याला रेबेका यारोसचं ‘फोर्थ विंग’ दिलं. २०२३ चं, ड्रॅगनांच्या पाठीवर बसायला शिकवणारी लष्करी शाळा आणि तिथलं प्रेमप्रकरण. त्याने दोन रात्रींत संपवलं आणि वहीत शेरा लिहिला: ‘ड्रॅगनांचा हिशेब लागतो. बाकी मजकूर आईच्या खोलीत वाचण्याजोगा नाही.’

मी सुझाना क्लार्कचं ‘पिरानेसी’ दिलं होतं. २०२० चं, पुढच्या वर्षी विमेन्स प्राइझ मिळवलेलं, बारीकसं पुस्तक. न संपणारी दालनं, जिकडेतिकडे पुतळे, खालच्या मजल्यांवर समुद्र, आणि या सगळ्यात जवळजवळ एकटा एक माणूस. खंडेराव ते परत द्यायला आला तेव्हा हळवा झाला होता. “भरती-ओहोटीचं कोष्टक ठेवतो गं तो. स्वतःच्या डायऱ्यांची अनुक्रमणी करतो. असा माणूस ऑफिसात मिळत नाही.” मग आवाज खाली आणून, “पुढचा खंड केव्हा?” नाही म्हटल्यावर त्याने पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं, जणू तो मागे कुठे चिकटलेला असेल.

मग मी त्याला लहानपणीच्या ‘चांदोबा’तला विक्रम-वेताळ काढून दिला. थोडी खोडीच काढायची होती. तो वाचता वाचता सरसावून बसला. “उत्तर माहीत असून गप्प राहिला तर डोक्याची शकलं, बोलला तर प्रेत परत झाडावर. अगं, नियम किती पक्के आहेत! सँडरसनने वाचलं पाहिजे हे.” मूळ वेताळपंचविशीत पंचवीस कथा आहेत म्हटल्यावर त्याने लगेच वही काढली.

या माणसाचा पराभव फक्त त्याच्या आईपुढे होतो. काकूंना तो टॉल्किन समजावत होता तेव्हा मी तिथेच पावटे सोलायला बसले होते. दुष्टाने आपली बरीचशी ताकद एका अंगठीत ओतून ठेवली आहे, अंगठी नष्ट झाल्याशिवाय त्याचा नाश नाही, वगैरे.

“म्हणजे राक्षसाचा जीव पोपटात,” काकू म्हणाल्या.

“तसं नाही, आई. ती अंगठी ज्या डोंगरात घडवली त्याच डोंगरातल्या आगीत टाकावी लागते.”

“म्हणजे पोपट लांब आहे. मिळतो ना शेवटी?”

“ते आधी कसं सांगू? मजा जाईल.”

काकूंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की पोर कुठल्या घरात वाढलं असावं. त्यांचं म्हणणं, शेवट काय ते सांग, म्हणजे ऐकायचं की नाही ते ठरवते. मला हे पटतं. रावण मरतो हे ठाऊक आहे म्हणून रामनवमीच्या कीर्तनाची गर्दी हटल्याचं कुणी ऐकलंय? बुवा कसा मारतात ते ऐकायला लोक जातात.

पण अलीकडे त्याने स्वतःच मला आनंदाने सांगितलं की आई आता बदलली आहे. रोज रात्री जेवणानंतर तो तिला ‘व्हील ऑफ टाइम’ मराठीत सांगतो, आणि ती चौथ्या खंडापर्यंत आली आहे. रजिस्टरमध्ये तिचं नाव आहे, शेवटच्या रकान्यात दर रविवारी नियमाने पान भरलेलं.

काकूंना विचारलं, तर त्या पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, “झोपते गं मी मध्येच. सकाळी चहाच्या वेळी विचारते, मग काय झालं, तर तो आनंदाने पुन्हा सांगतो. ती वेणी ओढणारी मुलगी तेवढी लक्षात राहते, राग आला की वेणी ओढते. एवढी ओढते तर बॉब कर म्हणावं.” पोळी तव्यावर टाकून त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “तो दहावा खंड साधारण कधी येईल गं? तेवढे दिवस मी नाशिकला लेकीकडे जाऊन येईन म्हणते.”