कीटोला चालतं का?

उपासाला काय चालतं आणि काय चालत नाही, या शास्त्रात मराठी माणसाचा हात धरणारा जगात कुणी नाही. जिरं चालतं, मोहरी चालत नाही. कोथिंबीर एका घरात चालते आणि भिंतीपलीकडच्या घरात उपास मोडते. साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची हे चौघेही मूळचे अमेरिका खंडातले, समुद्र ओलांडून आलेले. एकादशीला त्यांना मुक्तद्वार, आणि इथल्या मातीत हजारो वर्षं पिकणारे गहू-तांदूळ मात्र उंबऱ्याबाहेर. का, असं विचारायचं नसतं. आजी म्हणेल ते प्रमाण.

हे पुराण लावायचं कारण, आमच्या मारतहळ्ळीत सध्या याच शास्त्राची नवी शाखा जोरात आहे. ज्यांना मारतहळ्ळी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: बंगळुरूच्या पूर्वेला जुन्या विमानतळाचा रस्ता आणि आउटर रिंग रोड जिथे एकमेकांना भेटतात आणि दोघंही थांबतात, ते हे ठिकाण. सांगली, सोलापूर, लातूरची पोरं इंजिनिअर होऊन इथे आधी पीजीत उतरतात. मग टू बीएचके येतो, मग ईएमआय, मग मूल, आणि चाळिशीच्या सुमारास एचबीए1सी. डिसेंबरात शाळांना नाताळची सुट्टी लागली की या घरांतून एकच प्रश्न घुमू लागतो: "कीटोला चालतं का?"

कुकीजचं म्हणतोय मी. सुट्टीत अख्ख्या कुटुंबानं एकत्र येऊन लो-कार्ब कुकीज भाजणे, हा इथला नवा कुळाचार आहे. एकत्र येण्याचं आमंत्रण वडील ऑफिसच्या कॅलेंडरवरून पाठवतात, 'फॅमिली बेकिंग, 4 ते 5.30'. मुलगा 'टेंटेटिव्ह' दाबतो. आई ते पाहते आणि मुलगा यायचं ठरतं.

सामान दहा मिनिटांत दारात. बदामाचं पीठ, एरिथ्रिटॉल, इसबगोल, झँथन गम, सूर्यफुलाच्या बिया, अनसॉल्टेड बटर. बिल दोन हजारांच्या आतबाहेर. यात खाण्याचा पदार्थ म्हणून एकटं बटर ओळखू येतं. बाकीच्या पुड्यांकडे बघून स्वयंपाकाच्या अक्कांनी विचारलं, "सक्करे इल्ला, मैदा इल्ला, मत्ते बिस्कत्तु हेगे?" साखर नाही, मैदा नाही, मग बिस्किट कसं? इतका नेमका प्रश्न या विषयातल्या कुठल्याही आहारतज्ज्ञाला अजून पडलेला नाही.

मी ज्या घरचं सांगतोय ते आमच्या वरच्या मजल्यावरचं. त्या दुपारी मला तिथे 'टेस्टर' म्हणून बोलावलं होतं. घरात आजी आलेल्या. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं, सोबत नानकटाईचा पत्र्याचा डबा. डबा उघडल्याबरोबर वेलदोड्याचा वास हॉलभर झाला आणि तितक्याच तातडीनं सूनबाई म्हणाल्या, "आई, राहू दे वर फ्रिजवर. आत्ता नको." निषिद्ध वस्तू जप्त केल्याच्या थाटात डबा वर गेला.

आजींनी राग मानला नाही. त्या मला जुन्या दिवाळ्यांचं सांगत बसल्या. तेव्हा घरात ओव्हन कुणाच्या बापानं पाहिला होता? मैदा, पिठीसाखर, डालडा पिशवीत घालायचं आणि बेकरीच्या भट्टीवर नेऊन रांग लावायची. बेकरीवाला समोर पीठ फेटून द्यायचा, पोरांनी गोळे वळायचे, प्रत्येकावर बोटानं खळगा करून चारोळी चिकटवायची. पत्रे भट्टीत गेले की आपला कुठला आणि पाटलांचा कुठला, यावरून तंटा. डबे अदलाबदल होऊन घरी आले की पाटलांची बिस्किटं नेहमी आपल्यापेक्षा चांगली निघायची. आधी न खाता परत करायचा विचार व्हायचा, मग खाऊन झाल्यावर व्हायचा. नेट कार्ब किती, हे कुणी मोजलं नाही, कारण वर्षातून एकदाच नानकटाई दिसायची आणि उरलेलं वर्ष भाकरी होती.

आता हा जो शब्द आला, नेट कार्ब, तो या संप्रदायाचा बीजमंत्र आहे. पाकिटावर कर्बोदकं लिहिलेली असतात. त्यातून तंतू वजा करायचे, एरिथ्रिटॉल वजा करायचं, आणि जे उरेल ते खरं पाप. वजाबाकी करणारा हुशार असेल तर पाप दीड ग्रॅमवर येतं. एका कुकीत दीड ग्रॅम म्हणजे आठ खाल्ल्या तरी बारा! एकादशी अन् दुप्पट खाशी, हे आपल्या पूर्वजांनी कीटोकडे बघूनच म्हटलं असावं. मैद्याच्या 100 ग्रॅममध्ये 350 च्या आसपास कॅलरी असतात आणि बदामाच्या पिठात 575 च्या पुढे, ही क्षुल्लक बाब वजाबाकीत बसत नाही, म्हणून कुणी काढत नाही. साबुदाण्याचं वेगळं काय होतं? शंभरातले 88 ग्रॅम निव्वळ कर्ब, आणि त्याची खिचडी ओरपून आपण म्हणतो, आज कडक उपास.

एरिथ्रिटॉलची मौज तर औरच. ही साखर नव्हे. मक्याच्या स्टार्चमधून ग्लुकोज काढतात, ते यीस्टला खाऊ घालतात आणि यीस्ट जे तयार करतं ते आपण खातो. म्हणजे कर्बोदकं टाळण्यासाठी कर्बोदकांपासून बनवलेली वस्तू. गोडीला साखरेच्या साठ-सत्तर टक्के, आणि तोंडात विरघळताना उष्णता शोषून घेते, त्यामुळे ओव्हनमधून गरम काढलेली कुकी जिभेवर खोकल्याच्या गोळीसारखी गार लागते. शिवाय ती साखरेसारखी तांबूस होत नाही, आणि निवली की पुन्हा खडे धरते. 2023 साली 'नेचर मेडिसिन'मध्ये आलेल्या एका अभ्यासात, ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉल जास्त सापडलं त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाणही जास्त दिसलं. एकामुळे दुसरं होतं असं त्यातून सिद्ध झालेलं नाही. पण फ्रिजवरच्या डब्याबद्दल असा एखादा पेपर निघता, तर डबा खिडकीतून गेला असता.

तर, पीठ मळायला घेतलं आणि बदामाचं पीठ कमी पडलं. वडिलांनी मार्ग काढला: सूर्यफुलाच्या बिया मिक्सरमधून काढून भर घातली. वर बेकिंग सोडा. कुकीज भाजून झाल्या, जाळीवर ठेवल्या, आणि निवता निवता आतून हिरव्या पडायला लागल्या. बुरशीची छटा घेत घेत चांगल्या पोपटी. सूर्यफुलाच्या बियांत क्लोरोजेनिक आम्ल असतं. सोड्याशी गाठ पडली की ते हिरवं होतं. विषारी बिषारी काही नाही. हे मोबाइलवर सापडेपर्यंत घरात सुतक होतं. मग धाकटीनं सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला, 'ख्रिसमस ट्री कुकीज'. इकडे अंगठे आणि हृदयं पडू लागली, आणि तीन जणींनी रेसिपी मागितली.

खरी गंमत त्यानंतर झाली. आजींनी नातवाला विचारलं, "अरे, त्या तुझ्या मोबाइलात शेंगदाण्याचं काय लिहिलंय बघ." त्यानं पाहिलं. 100 ग्रॅम शेंगदाण्यात कर्ब 16 ग्रॅम, बदामात 21. तंतू वजा केले तर दोघंही सात ते नऊच्या दरम्यान, जवळपास बरोबरीत. प्रथिनं शेंगदाण्यात जास्तच. "मग दाण्याचं कूट का नाही घेतलं? माझ्या पिशवीत किलोभर आहे."

स्वयंपाकघर शांत. वडील प्रथम म्हणाले, शेंगदाणा हा तांत्रिकदृष्ट्या सुका मेवा नाही, शेंगवर्गीय आहे. आजी म्हणाल्या, बरं, मग? मग त्यांनी ठेवणीतलं उत्तर काढलं: "पण आई, ते... कूट आहे." इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बदामाचं पीठ झिपलॉक पाकिटात येतं, त्यावर 'ग्लूटेन-फ्री' लिहिलेलं असतं आणि किंमत चौपट असते. कूट स्टीलच्या डब्यात असतं, त्यावर काहीच लिहिलेलं नसतं, आणि ते आमटीत पडतं. अशा वस्तूनं रक्तातली साखर कशी खाली येईल? इथल्या बेकऱ्यांत मसाला लावलेले 'काँग्रेस' शेंगदाणे पिढ्यान्‌पिढ्या मिळतात. त्या पुडीवर कुणी 'कीटो-फ्रेंडली' असा शिक्का मारला, तर उद्या त्याचे भाव पाचपट होतील याची मी हमी देतो.

लो-कार्ब ही काही मारतहळ्ळीची देणगी नव्हे. 1863 साली लंडनच्या विल्यम बँटिंगनं लठ्ठपणावर एक पत्रक छापलं: पाव, साखर, बटाटा, बिअर सोडा. हा गृहस्थ धंद्यानं अंत्यविधीचं सामान पुरवणारा होता, म्हणजे गिऱ्हाइकाचं वजन हा त्याच्या जिव्हाळ्याचा विषय असणारच. महाराष्ट्रात 2018 च्या सुमारास डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन जेवणं, पंचावन्न मिनिटं, आणि ऋजुता दिवेकरांचं तूप, घरचं खा, दर दोन तासांनी खा, या दोन छावण्यांत घरंच्या घरं फुटली. पंगतीत लोक आडनाव विचारण्याऐवजी 'दीक्षित की दिवेकर' विचारत. वरच्या मजल्यावर आजही वडील दीक्षितांचे, आजी जन्मजात दिवेकर, आणि सूनबाईंनी दोघांना चुकवून कीटो घेतलंय.

आणि शहर कुठलं, तर बंगळुरू. चिकपेटेत 1898 साली हासनच्या अय्यंगारांनी बेकरी काढली तेव्हापासून बेण्णे बिस्किट, खारा बिस्किट, दिलपसंद यांवर पोसलेलं. 1975 पासून दर डिसेंबरात इथे केक शो भरतो. साखरेत घडवलेले राजवाडे आणि चर्च, माणसापेक्षा उंच. आमच्या सोसायटीतली झाडून सगळी कुटुंबं पोरांना घेऊन तो बघायला जातात, शेकडो किलो साखरेपुढे उभं राहून फोटो काढतात आणि घरी येऊन बिनसाखरेचं बिस्किट भाजतात.

आता कुणी म्हणेल, थट्टा पुरे, देशात मधुमेह आहे. आहेच. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहींचा अंदाज 10 कोटींच्या वर गेला आणि उंबरठ्यावरचे त्याहून अधिक. ज्याला डॉक्टरांनी साखर सोडायला सांगितली त्यानं ती मुकाट सोडावी. त्याच्या ताटाकडे बघून हसणारा मी नाही. पण भारतीय माणसाच्या पोटात जाणाऱ्या ऊर्जेपैकी साठ टक्क्यांहून अधिक वाटा कर्बोदकांचा असतो, तो रोजचा. भात रोजचा. पोळ्या रोजच्या. रिंग रोडवर गाडीत बसून घालवलेले दोन तास रोजचे, आणि रात्री अकराला फोनवरून मागवलेला चीज-बर्स्टही, खोटं कशाला बोला, आठवड्यातून तीनदा. याचं प्रायश्चित्त कोण घेणार? 25 डिसेंबर घेणार. आपल्याकडे एकादशीच्या दुसऱ्या दिवशी द्वादशी असते, पारणं फिटतं. कीटोवाल्यांची द्वादशी म्हणजे 'चीट डे'. ती कुठल्याही बुधवारी येते, आणि सणाच्या दिवशी मात्र निर्जळी.

त्या कुकीज मी दोन खाल्ल्या. एक सौजन्यानं, दुसरी आजींनी डोळ्यांनी खुणावलं म्हणून, कारण त्यांना स्वतःची संपवायची नव्हती. एरिथ्रिटॉलसारखं पॉलिऑल ठरावीक प्रमाणाच्या वर घातलेल्या पदार्थाच्या पाकिटावर 'जुलाबाचा परिणाम होऊ शकतो' असं छापणं आपल्याकडे नियमानं बंधनकारक आहे. घरी बनवलेल्या कुकीला पाकीट नसतं. बाकी तपशील देत नाही.

31 तारखेला सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये लो-कार्ब कुकीजची आंतर-टॉवर स्पर्धा आहे आणि परीक्षक म्हणून माझं नाव लागलं आहे. ज्या वाचकांना एरिथ्रिटॉल सोसतं, अशा कुणीही माझ्या जागी यावं. कालामंदिरच्या बस थांब्यापासून पुढचं रिक्षाभाडं, मीटरवर दीडपट असलं तरी, मी देईन.