निःपक्षपाती प्रश्नावलीचा महिमा

अमेरिकेत प्रत्येक बालकाची दीड आणि दोन वर्षांच्या वयात स्वमग्नतेसाठी, म्हणजे ऑटिझमसाठी, प्राथमिक चाचणी व्हावी अशी तेथील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची शिफारस असून, त्या कामी फार मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या ‘एम-चॅट’ प्रश्नावलीत पालकांनी ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच म्हणायचे २० प्रश्न असतात. त्यांत वंशाचा वा उत्पन्नाचा उल्लेख औषधालाही सापडत नाही. तेव्हा जिने कोणाची जातपात विचारलीच नाही, तिच्यावर भेदभावाचा आळ घेणे हा शुद्ध कृतघ्नपणाच म्हणावा लागेल.

गुण ३ ते ७ च्या दरम्यान आले, तर पालकांशी पुन्हा बोलून प्रत्येक शंकास्पद उत्तराची उदाहरणांसह खातरजमा करावी, असा नियम आहे. प्रश्नावलीची खरी अक्कल या दुसऱ्या टप्प्यात आहे, आणि नेमका तोच टप्पा वेळ, दूरध्वनी व दुभाषा मागत असल्याने गर्दीच्या दवाखान्यांत सहज गळतो. मूल आकाशातले विमान बोटाने दाखवते का, या प्रश्नाला दोन पाळ्यांत राबणाऱ्या आणि दिवसभर मुलाला शेजारणीकडे ठेवणाऱ्या आईने छातीठोक उत्तर द्यावे, ही अपेक्षा मात्र सर्वांकडून सारखीच असते. समता म्हणतात ती हीच!

फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातील संशोधकांनी सुमारे २६ हजार बालकांची माहिती तपासून २०१९ मध्ये या समतेचा हिशेब मांडला. पुढे स्वमग्नतेचे निदान झालेल्या मुलांपैकी जेमतेम ३९ टक्के मुले या चाचणीने आधी हेरली होती, आणि गोरेतर व कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांबाबत तिची अचूकता आणखी घसरली होती.

बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये वर्णिलेली ११ स्वमग्न मुले बहुतांशी सुशिक्षित घरांतील होती. त्यावरून ही अवस्था शिकल्यासवरलेल्यांच्याच वाट्याला येते, असा समज रुजला आणि गोऱ्या मुलांत तिचे प्रमाण अधिक दाखवणारे आकडे पुढे अनेक वर्षे त्याला खतपाणी घालत राहिले. २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने आठ वर्षांच्या मुलांविषयी २०२० सालची आकडेवारी प्रसिद्ध केली, तेव्हा कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई मुलांतील प्रमाण प्रथमच गोऱ्या मुलांपेक्षा जास्त निघाले. मेंदूच्या जडणघडणीने दोन-चार वर्षांत वंश बदलला, असे मानणे सोयीचे आहे. कारण आधी या मुलांकडे कोणी पाहिलेच नव्हते, असे मानले तर पुष्कळ जणांना जाब द्यावा लागेल.

५८४ कृष्णवर्णीय मुलांच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात निदानाचे सरासरी वय सुमारे पाच वर्षे पाच महिने आढळले. त्यांच्या पालकांना काळजी वाटू लागली होती, ती त्याच्या सरासरी तीन वर्षांहून अधिक काळ आधी.