मोहाच्या गावी बोजोले

तुम्हाला म्हणून सांगतो, आमच्या घरात बाटली म्हटली की एक तर फिनाइलची, नाही तर कैरीच्या पन्ह्याची. अशात फ्रान्सहून आलेल्या भाच्याने मुंबईत माझ्या हाती बोजोले नावाची रेड वाइन ठेवली आणि बजावलं, ‘‘मामा, हलकी आहे, फळांच्या चवीची. जेवणासोबत घ्या, पण जरा गार करून.’’ आता ही घरी, धडगावला न्यायची कशी? नंदुरबारची गाडी सुरतेवरून येते, म्हणजे गुजरात, म्हणजे दारूबंदी, म्हणजे कोणी पिशवी उघडली की मास्तरांचा फोटो पेपरात. तेव्हा नाशिक, धुळे, शहादा असा एसटीचा वळसा घेतला आणि सातपुड्याच्या घाटात पंच्यात गुंडाळलेली बाटली दर वळणाला अशी छातीशी धरली, की शेजारच्या मावशींनी काळजीने विचारलं, ‘‘औषध आहे का, भाऊ?’’

मी हो म्हणालो.

वाटेत मोबाइलवर अभ्यास झाला. ही वाइन गामे नावाच्या द्राक्षाची. 1395 साली बर्गंडीच्या ड्यूक फिलिपने या द्राक्षाला बेइमान ठरवून वेली उपटायचा हुकूम काढला होता. दक्षिणेकडे बोजोलेच्या टेकड्यांत मात्र ते टिकलं. तिथे घड न चिरडता अख्खेच बंद टाकीत भरतात, टाकीत कार्बन डायॉक्साइड असतो, दाणे आतल्या आत आंबू लागतात आणि सालीचा तुरटपणा फारसा उतरत नाही. बारा ते चौदा अंशांवर प्यायची, हेही पाठ झालं. बूच कसं काढायचं, तेवढंच वाचायचं राहिलं.

घरी आलो तर लाइट गेलेले. ओला पंचा गुंडाळून बाटली खिडकीत ठेवली, ती गार झाली (माझं हे एकच शास्त्र यशस्वी). मग स्क्रू, पक्कड, बायकोची केसांची पिन असं सगळं वापरून बूच अर्धं तुटल्यावर उरलेलं लाटण्याने आत ढकललं, तेव्हा जी चिळकांडी उडाली ती माझा पांढरा शर्ट, भिंतीवरचं कॅलेंडर आणि ‘‘तरी म्हटलं होतं!’’ म्हणत आलेली ही, अशी तिघांत वाटली गेली.

जेवायला शेजारचे, पावरा आदिवासी समाजातले बाबा होते. ज्वारीची भाकरी, इथलंच आमचूर घातलेली उडदाची डाळ आणि ठेचा. बाबांनी रिवाजाप्रमाणे पेल्यातली बारीक धार आधी जमिनीवर सोडली. आपणही पूर्वजांना विसरू नये म्हणून मी बाटलीच कलती केली, तर आतलं बूच तोंडाशी अडकलेलं, थेंब येईना. म्हणून गदागदा हलवली.

माझे पूर्वज त्या रात्री पोटभर प्यायले.

उरलेल्या दोन घोटांवर ठेचा खाल्ला आणि खरं सांगतो, बरं जमलं. तुरट, जड वाइनवर तिखट आणखी भडकतं; ही गार, आंबटगोड, त्यामुळे जिभेवर भांडण नाही. मी हे तज्ज्ञासारखं बाबांना समजावत होतो. त्यांनी घोट तोंडात फिरवला, डोळे मिटले आणि माझ्याकडे मायेने बघत म्हणाले, ‘‘आंबलंय चांगलं, मास्तर. आता भट्टीवर कधी ठेवणार?’’

मोहाची फुलं भिजवून, आंबवून, मग चुलीवर चढवून वाफ धरणाऱ्या माणसाच्या लेखी मी अर्ध्यातच पाहुणे बोलावले होते. फ्रान्सची बाजू सावरायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांची नजर रिकाम्या बाटलीवर गेली. जाड काच बोटाने वाजवून बघितली, पसंत पडली. मग उजेडात धरली, तर आत बूच खुळखुळत होतं.

‘‘ही राहू दे तुम्हालाच,’’ बाबा म्हणाले.