कान साफ करून या

भरतीची जाहिरात आली की निपाणी-बेळगाव पट्ट्यातली पोरं पहिल्यांदा स्वतःच्या कानात बोट घालतात. टेरिटोरियल आर्मी म्हणजे घरचा कामधंदा सांभाळून देशसेवा, १९४९ पासून चालत आलेली. वय १८ ते ४२, उंची १६० सेंटिमीटर, छाती ७७ आणि फुगवून वर ५. हे सगळ्यांना पाठ असतं. पहाटे हायवेच्या कडेनं पळणं चालू असतं, हरभरे भिजत असतात. पण सूचनांच्या गर्दीत एक ओळ असते : कानातला मळ काढून या.

मग मळ निघतो. आगकाडी, बहिणीची पिन, गाडीची किल्ली, जे हाताला लागेल त्यानं. कोपऱ्यावर 'मेडिकलच्या आधीचं मेडिकल' करून देणारा एक सर्वज्ञ असतोच. तो मोबाइलचा टॉर्च मारतो आणि म्हणतो, "क्लिअर हाय, जा बिनघोर." त्याला कानाचा पडदाच दिसत नाही, तिथं पडद्याचं भोक काय दिसणार? फी मात्र अंधारातही दिसते.

फॉर्मवर प्रश्न असतो, पूर्वी काही आजार? सगळे लिहितात, नाही. आणि खोटं कुणीच लिहीत नाही. सहाव्या वर्षी कान फुटला, रात्रीत उशी ओली व्हायची, आजीनं लसूण कडकडवून तेल सोडलं, वरून कापूस कोंबला, वास येतो म्हणून मास्तरांनी मागच्या बाकावर बसवलं. याला आमच्याकडे आजार म्हणत नाहीत, पावसाळा म्हणतात.

बेळगावच्या मैदानावर मात्र डॉक्टर कानात नळी घालतो, क्षणभर बघतो आणि सांगतो : पडद्याला भोक, अनफिट. त्याचं काही चुकत नाही, तो त्याचं काम करतो. पण जन्मल्यापासून या कानात नीट उजेड पाडून बघणारा हा पहिलाच माणूस, आणि तो भेटला तो थेट पोराला घरी पाठवायला! शाळेत तपासणी होत नव्हती असं नाही. जीप यायची, वजनकाटा उतरायचा, चहा व्हायचा, आणि अख्ख्या वर्गाच्या नावापुढं एका दमात 'कान : नॉर्मल' लिहून जीप पुढच्या गावाला जायची. तेव्हा कुणी तो कान कोरडा करून, औषधाचे थेंब घालून महिनाभर लक्ष ठेवलं असतं, तर? पण नाही. १९५६ पासून इथल्या दगडादगडावर हक्क सांगणारे राज्यांच्या सीमेच्या दोन्ही अंगांना आहेत. पाट्या कुठल्या भाषेत लावायच्या यावर डोकी फुटतात. पोरांचे कान कुणाच्या हद्दीत वाहतात, एवढं विचारा. दोन्हीकडचे कानांवर हात ठेवतात! भोक पडलेल्या पडद्यावर हक्क सांगायला अजून एकही मोर्चा निघालेला नाही.

अनफिटचा कागद घेऊन पोरगं परत आलं, तर सर्वज्ञ तयारच. म्हणाला, "पुढच्या टायमाला नंबर शेवटी लाव. सांजच्याला डॉक्टर दमतोय. आणि घाई कशाला? बेचाळीसपर्यंत चान्स हाय की!" मग टॉर्च लावून त्यानं दुसरा कान तपासला. दुसऱ्या कानाची फी वेगळी.